ज्वेलर व्हायचंय? आधी हात घडवा, दागिना नंतर

मला दर काही दिवसांनी कोणीतरी विचारतं, ज्वेलरीत करिअर करायचंय, डिझाइनचा कुठला कोर्स लावू? आणि मी आधी हेच विचारते की तांब्याच्या पत्र्यावर एक सरळ रेघ आखून ती करवतीने कापून बघितलीये का? बहुतेकांनी बघितलेली नसते. मग बघा कापून. दोन-तीन पाती तुटतील, रेघ वाकडी जाईल, खांदा भरून येईल, आणि तरीही दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटलं तर हे काम तुमचं आहे असं मी बिनधास्त सांगेन. नाही वाटलं तर तेही फी भरायच्या आधी कळलेलं बरं.

हे सगळं अगदी शून्यापासून सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय. मी बरीच वर्षं बेंचवर, म्हणजे ज्वेलरच्या कामाच्या टेबलापाशी, बसून काम करतेय, आधी दुसऱ्यांकडे आणि मग स्वतःचं, त्यामुळे जे सांगतेय ते बेंचच्या बाजूने, शोरूमच्या बाजूने नाही.

पायरी १: हे एकच काम नाहीये हे समजून घ्या

ज्वेलर म्हटलं की डोळ्यासमोर काउंटरमागचा माणूस येतो. पण एक अंगठी तयार व्हायला किती हात लागतात बघा. कोणी चित्र काढतं, कोणी कॉम्प्युटरवर मॉडेल बनवतं, कोणी मेणाच्या नमुन्यावरून ओतकाम करतं, कोणी कानस मारून जोडकाम करतं, खडे बसवणारा वेगळा, पॉलिशवाला वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा, मीनाकाम करणारा अजून वेगळा. शिवाय रत्नं तपासणारे जेमॉलॉजिस्ट, दागिन्याची किंमत ठरवून देणारे व्हॅल्युअर, आणि फक्त रिपेअरिंग करणारे. मोठ्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो, छोट्या ठिकाणी एकाच माणसाला यातलं निम्मं तरी यावं लागतं.

यातलं नेमकं काय करायचं हे पहिल्या दिवशी ठरवू नका. पहिलं वर्ष बेंचवर घालवा, मग पुढे डिझायनर व्हा, सेटर व्हा नाहीतर जेमॉलॉजिस्ट. कारण ज्याने कधी स्वतः खडा बसवला नाही तो कागदावर इतका बारीक नखा काढतो, म्हणजे खडा धरून ठेवणारा तो छोटा काटा, की तो सहा महिन्यांत झिजणार आणि खडा पडणार. चित्र सुंदर असतं, दागिना चालत नाही. आणि ही काही माझीच जुनाट समजूत नाही, फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट उभारणारा ब्रुनेलेस्की आधी सोनारकाम शिकला होता, आणि ड्यूररसारखा चित्रकार सुरुवातीला वडिलांच्या सोनारकामाच्या वर्कशॉपमध्येच तयार झाला. हाताला धातूचा स्वभाव कळला की चित्र आपोआप वेगळं येतं.

पायरी २: शिकायचं कुठे

तीन वाटा आहेत. पहिली, संस्थेत जाऊन पूर्ण वेळ शिकणं. अशा शाळांना मोठी परंपरा आहे, जर्मनीतल्या फोर्त्झहाइमची सोनारकामाची शाळा तर अठराव्या शतकापासून चालू आहे. रत्नांचा अभ्यास करायचा असेल तर अमेरिकेतली १९३१ साली सुरू झालेली जीआयए आणि ब्रिटनमधली जेम-ए ही दोन नावं तुमच्या कानावर सारखी येतील. दुसरी वाट म्हणजे कारागिराच्या हाताखाली उमेदवारी. तिसरी म्हणजे छोटे छोटे वर्कशॉप आणि व्हिडिओ बघून घरी करणं.

कोर्स निवडताना ब्रोशरमधले फोटो बघू नका, एकच गोष्ट विचारा: आठवड्यात किती तास मी स्वतः हत्यार हातात घेऊन बसणार? आणि एका शिक्षकामागे किती जण? वर्गात पंचवीस जण आणि टॉर्च, म्हणजे धातू तापवायची ज्योत, दोनच असतील तर तुम्ही शिकणार नाही, रांगेत उभे राहाल. जमलं तर तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम हातात घेऊन बघायला मागा, आणि दागिना उलटा करून मागची बाजू बघा. मागच्या बाजूला कानशीच्या रेघा तशाच असतील, डाखेचे, म्हणजे जोड लावायच्या धातूचे, गोळे दिसत असतील तर तिथे नीट शिकवत नाहीत असं समजा.

उमेदवारीत सुरुवातीला झाडू मारणं, पॉलिश झालेले दागिने धुणं, तारा ओढणं हेच येतं आणि बरेच जण कंटाळून सोडतात. महिना-दोन महिने हे होणारच, आणि त्यात डोळे उघडे ठेवले तर खूप शिकायला मिळतं. पण सहा महिन्यांनंतरही तुम्हाला कोणी करवत हातात दिली नसेल तर मात्र शांतपणे विचारा, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर जागा बदला.

व्हिडिओ बघून शिकण्याचा मोठा तोटा हा की चूक दाखवायला कोणी नसतं. सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात ना, इथे तर ते अक्षरशः लागू आहे. घरी शिकत असाल तरी महिन्यातून एकदा आपलं काम कोणातरी जाणत्याच्या हातात द्या आणि तो काय बोलतो ते लिहून ठेवा.

पायरी ३: टेबल आणि हत्यारं

नवीन माणूस पहिली चूक इथे करतो, पन्नास हत्यारांचा सेट मागवतो. त्यातली चाळीस वापरली जात नाहीत आणि दहा इतकी वाईट असतात की चांगलं काम होतच नाही. थोडी घ्या पण चांगली घ्या. करवतीची फ्रेम आणि पाती (सुरुवातीला २/० नंबरची), अर्धगोल कानस आणि बारीक कानशींचा एक संच, दोन-तीन पकडी ज्यांच्या तोंडाला दाते नाहीत कारण दाते धातूवर खुणा सोडतात, एक हातोडी आणि एक लाकडी किंवा नायलॉनची मोगरी, छोटी ऐरण, अंगठीचा निमुळता दांडा ज्याला मँड्रेल म्हणतात, व्हर्नियर कॅलिपर, चिमटे, आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. झाळकामाची, म्हणजे तापवून डाखेने जोड लावायची, टॉर्च, वीट आणि टाकणखार हे सगळं पुढच्या टप्प्यात.

टेबलाची उंची मात्र पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. ज्वेलरचं टेबल जेवणाच्या टेबलापेक्षा बरंच उंच असतं, खुर्चीवर ताठ बसलं की टेबलाची कड साधारण छातीपाशी आली पाहिजे, म्हणजे मान न वाकवता काम डोळ्यासमोर येतं. मी सुरुवातीची दोन वर्षं साध्या टेबलावर वाकून काम केलं आणि मानेचं दुखणं लावून घेतलं, ते अजून पूर्ण गेलेलं नाही. टेबलाच्या कडेला लाकडाची पाचर बसवतात, तिला बेंच पिन म्हणतात, सगळं कापणं आणि कानसणं तिच्यावर. आणि तिच्या खाली कातडं किंवा ट्रे, पडलेला कीस झेलायला. तो कीस का जपायचा ते पुढे सांगते.

पायरी ४: पहिले तीन-चार महिने फक्त कापा आणि कानसा

तांब्याचा आणि पितळेचा पत्रा घ्या, साधारण एक मिलिमीटर जाडीचा. चांदीला पण अजून हात लावू नका.

करवतीचं पातं बसवताना दाते बाहेरच्या बाजूला आणि खाली, म्हणजे मुठीकडे तोंड करून असले पाहिजेत, कारण कापायचं काम हात खाली येताना होतं, वर जाताना फक्त मोकळं सरकायचं. पातं ताणून बसवलं की बोटाने छेडून बघा, तारेसारखा टणक आवाज आला पाहिजे, भद्द आवाज आला तर ढिलं आहे आणि तुटणार. पात्याला थोडं मधमाशीचं मेण लावा. फ्रेम सरळ उभी धरा, मूठ सैल ठेवा आणि पुढे ढकलू नका. ढकललं की पातं तुटतं, एवढं साधं आहे हे, पण हाताला पटायला मला स्वतःला काही डझन पाती लागली. वळण आलं तर फ्रेम फिरवायची नाही, पत्रा फिरवायचा, आणि करवत जागच्या जागी वरखाली चालू ठेवायची.

कापताना रेघेच्या बाहेरून कापायचं, रेघ शिल्लक ठेवायची, आणि मग कानशीने रेघेपर्यंत यायचं. कानस फक्त पुढे जाताना कापते, मागे ओढताना दाब द्यायचा नाही, नाहीतर कानस लवकर बोथट होते आणि कडा गोल होतात. कडा गोल होणं हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम आहे, आणि तो का होतो तर कानस मारताना मनगट डोलतं. मनगट घट्ट ठेवून कोपरातून हात हलवा.

एक व्यायाम सांगते जो मला शिकवणाऱ्या काकांनी माझ्याकडून करून घेतला आणि मी आता दुसऱ्यांकडून करून घेते. पितळेच्या पत्र्यातून बरोबर वीस मिलिमीटरचा चौकोन कापा, कानसून चारही कोन काटकोन करा, चारही बाजू कॅलिपरवर सारख्या आल्या पाहिजेत. मग त्याच्या आत दहा मिलिमीटरची चौकोनी खिडकी कापा, आणि दुसऱ्या पत्र्यातून असा तुकडा करा की तो त्या खिडकीत अलगद बसेल आणि दिव्यासमोर धरला तर फटीतून उजेड येणार नाही. हे जमायला काहींना आठवडा लागतो, काहींना दोन महिने. हे ज्या दिवशी जमतं त्या दिवशी तुमच्या हाताला पाव मिलिमीटर म्हणजे किती हे कळलेलं असतं, आणि त्याच्यापुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे.

मग पॉलिश पेपर. ४००, मग ६००, मग ८००, मग १२००, आणि प्रत्येक वेळी दिशा बदलायची, आडवं घासलं असेल तर पुढचा पेपर उभा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. घाई करून एक नंबर गाळला तर पॉलिश केल्यावर ती खोल रेघ आणखीनच चमकून वर येते, तेव्हा परत मागे जायला लागतं.

पायरी ५: आग

ह्या पायरीला सगळे घाबरतात, आणि थोडं घाबरलेलं चांगलं. आधी सुरक्षेचं सांगते. केस बांधलेले, बाह्या घट्ट, कपडे सुती, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. डोळ्यांना चष्मा, हवा खेळती, हाताशी पाणी आणि आग विझवायचं साधन. जुन्या काही डाखांमध्ये कॅडमियम असायचं आणि त्याचा धूर अत्यंत विषारी असतो, त्यामुळे कोणी जुना साठा फुकट दिला तरी वापरू नका, कॅडमियम नसलेलीच डाख घ्या. आणि आतून पोकळ असलेली कुठलीही बंद वस्तू, मणी असो की पोकळ बांगडी, हवा जायला भोक असल्याशिवाय तापवायची नाही. आतली हवा आणि ओलावा फुगून ती स्फोट होऊन फुटते.

आता तापवून मऊ करणं. धातू ठोकला, वाकवला, तार ओढली की तो कडक होत जातो, आणि तसाच पुढे वाकवला तर चीर पडते. म्हणून अधूनमधून तापवून मऊ करायचा, इंग्रजी नाव अॅनीलिंग. स्टर्लिंग चांदीसाठी साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सिअस, म्हणजे अंधुक उजेडात जेमतेम मंद लाल दिसेल इतकं. म्हणूनच टॉर्चच्या जागी झगझगीत दिवा लावत नाहीत, उजेडात ती लाली दिसत नाही आणि तुम्ही पुढे जाता. चांदी वितळते ९६२ अंशाच्या आसपास, पण स्टर्लिंग त्याच्या बरंच आधी मऊ पडून कोसळायला लागते, म्हणून नजर हटवायची नाही.

डाख म्हणजे सॉल्डर, दागिन्याच्या धातूपेक्षा थोड्या कमी तापमानाला वितळणारा मिश्र धातू. हार्ड, मीडियम, इझी अशा प्रकारात मिळतो. एका दागिन्यात चार जोड असतील तर पहिला जोड हार्डने, मग मीडियम, शेवटचा इझीने, म्हणजे नंतरचा जोड करताना आधीचा सुटत नाही. नियम चार आहेत आणि एकही मोडला तर जोड होत नाही. जोडाच्या दोन्ही बाजू एकमेकांना पूर्ण चिकटलेल्या हव्यात, उजेड दिसता कामा नये, कारण डाख फट भरत नाही, ती फक्त चिकटवते. जागा स्वच्छ हवी, बोटाचं तेलसुद्धा नको. टाकणखार म्हणजे फ्लक्स लावलेला हवा, नाहीतर तापवल्यावर धातूवर काळा थर धरतो आणि डाख पसरत नाही. आणि चौथा, ज्यात सगळे अडकतात: ज्योत डाखेवर धरायची नाही, दागिन्यावर धरायची. दागिना गरम झाला की डाख त्याच्या उष्णतेने वितळते आणि जिकडे जास्त गरम तिकडे धावते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ज्योत थेट डाखेच्या तुकड्यावर धरली, ती गोळी होऊन टुणकन उडाली आणि जोड तसाच. काका फक्त एवढंच म्हणाले, "अंगठीला तापव, डाखेला नको." आजही झाळायला बसले की ते वाक्य ऐकू येतं.

टाकणखाराकडे लक्ष ठेवा, तो तुमचा थर्मामीटर आहे. आधी पाणी उडून पांढरा फुगतो, मग खाली बसतो, मग काचेसारखा पारदर्शक होतो. पारदर्शक झाला की समजायचं वेळ जवळ आली, आता ज्योत जास्त फिरवत दोन्ही बाजू सारख्या गरम करायच्या. डाख चमकदार रेघेसारखी जोडातून धावली की लगेच ज्योत बाजूला. एक क्षण जास्त थांबलात तर बारीक तार डोळ्यादेखत थेंब होते.

त्यानंतर दागिना पिकलमध्ये टाकतात, म्हणजे सौम्य आम्लात, ज्याने काळा थर आणि टाकणखाराची काच निघते. सायट्रिक अॅसिड चालतं आणि सुरुवातीला तेच वापरा. आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आणि त्यात लोखंडी चिमटा बुडवायचा नाही, नाहीतर सगळ्या चांदीवर तांब्याचा लाल मुलामा चढतो, चिमटा तांब्याचा किंवा प्लास्टिकचा ठेवा.

पायरी ६: पहिली अंगठी, गणितासकट

साधी पट्टीची अंगठी. पट्टी किती लांब कापायची? आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४. समजा आतला व्यास १७ मिलिमीटर आणि पत्रा दीड मिलिमीटर जाड, तर १८.५ गुणिले ३.१४ म्हणजे साधारण ५८ मिलिमीटर. जाडी मिळवायला विसरलात आणि नुसते १७ गुणिले ३.१४ केलेत तर पट्टी ५३ च्या आसपास येते आणि अंगठीचा आतला व्यास साडेपंधराच भरतो, म्हणजे ती त्या बोटात जाणारच नाही. हे मी स्वतः केलंय, ती पण चांदीत. पट्टी रुंद असेल तर अजून किंचित मोठी धरा, रुंद अंगठी बोटाला जास्त घट्ट बसते.

पट्टीची टोकं कानसून अगदी सरळ करा, तापवून मऊ करा, पकडीने वाकवा. गोल आकाराची काळजी आत्ता करू नका, इंग्रजी डी सारखी झाली तरी चालेल, टोकं नीट भिडणं महत्त्वाचं. झाळल्यानंतर दांड्यावर चढवून मोगरीने ठोकून गोल होते. अशा वीस अंगठ्या तांब्यात करा आणि मग एकविसावी चांदीत करा.

पायरी ७: धातूचे आकडे तोंडपाठ करा

शुद्ध सोनं २४ कॅरेट. २२ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५. स्टर्लिंग चांदी ९२५, उरलेलं बहुतेक तांबं, आणि हेच तांबं तापवल्यावर जांभळट डाग पाडतं ज्याला फायरस्केल म्हणतात, तो घासून काढण्यात अर्धा दिवस जातो. सोन्याचा वितळबिंदू १०६४ अंश, प्लॅटिनमचा १७६८, म्हणून प्लॅटिनमचं काम वेगळ्या टॉर्चवर आणि गडद चष्मा लावून करतात, ते शेवटी शिका.

१० ग्रॅम शुद्ध सोन्याचं १८ कॅरेट करायचं तर १० भागिले ०.७५, म्हणजे एकूण १३.३३ ग्रॅम, मिश्र धातू ३.३३ ग्रॅम. असली गणितं पटकन करता आली पाहिजेत.

आपल्या भाषेत अजून एक घोळ आहे, सोन्याच्या शुद्धतेला पण कॅरेट आणि हिऱ्याच्या वजनाला पण कॅरेट. दोन्ही पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. रत्नाचा एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, पाच कॅरेटचा एक ग्रॅम.

पायरी ८: खडे

इथे थोडक्यात सांगते कारण सेटिंग हे स्वतंत्र शिक्षण आहे. मोहस नावाच्या खनिजशास्त्रज्ञाची कठीणपणाची मोजपट्टी पाठ करा: हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पुष्कराज (टोपाझ) ८, स्फटिक ७. मोती अगदी मऊ, कानशीचं टोक लागलं तरी गेला. पण कठीण म्हणजे न फुटणारा असं मात्र नाही, हिऱ्याला योग्य दिशेने टपली बसली तर तो फुटतो. पाचूमध्ये आतून भेगा असतात आणि त्या तेलाने भरलेल्या असू शकतात, म्हणून पाचू, ओपल, मोती, फिरोजा हे कंपनांनी दागिने धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये टाकायचे नाहीत आणि त्यांच्याजवळ ज्योत न्यायची नाही. प्रयोगशाळेत बनवलेला हिरा हा हिराच असतो, कार्बनच, त्यामुळे उष्णतेवर चालणारं छोटं टेस्टर त्याला हिराच म्हणणार. तो नैसर्गिक आहे की नाही हे सांगायला प्रयोगशाळेतली उपकरणं लागतात, भिंग लावून छातीठोक सांगू नका.

पायरी ९: कॉम्प्युटर

आता कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करणं, यायलाच हवं, राइनोसारखं सॉफ्टवेअर शिका. मॉडेल बनवायचं, थ्रीडी प्रिंटरवर मेणासारख्या रेझिनमध्ये काढायचं, प्लास्टरमध्ये गाडून ते जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. ओतकाम करणाऱ्यांनो, त्या प्लास्टरच्या पावडरीत सिलिका असते, तिने फुप्फुसं कायमची खराब होतात, चांगला मास्क घातल्याशिवाय पिशवी उघडायची सुद्धा नाही. अंदाज बांधायला: १ ग्रॅम मेणाचा नमुना असेल तर स्टर्लिंग साधारण साडेदहा ग्रॅम लागते आणि १८ कॅरेट सोनं साधारण साडेपंधरा. ओतून आलेला दागिना खरबरीत असतो, तो परत कानस, पेपर, पॉलिश असाच जातो, म्हणजे फिरून पायरी चारवरच यायचं.

पॉलिशच्या मोटरबद्दल एकच सांगते, चेन कधीही मोकळी धरून मोटरवर लावायची नाही, फळीला गुंडाळून लावायची. मोटर चेन खेचते आणि बोट पण. हातमोजे, ओढणी, लोंबती बाही हे सगळं मोटरपासून लांब.

पायरी १०: वजन आणि हिशोब

हे कुठल्याच कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत आणि करिअर ह्याच्यावरच टिकतं. तुम्हाला १२ ग्रॅम सोनं मोजून दिलं तर संध्याकाळी दागिना, उरलेले तुकडे आणि कीस मिळून १२ ग्रॅमच्या जवळ आलं पाहिजे. थोडी तूट येणारच, पॉलिशमध्ये जाते, पण ती किती ते तुम्हाला माहीत हवं. म्हणून प्रत्येक धातूचा ट्रे वेगळा, सोनं-चांदी-पितळेचा कीस एकमेकांत मिसळू द्यायचा नाही, धातू बदलायच्या आधी टेबल ब्रशने झाडायचं. वापरलेले पेपर, हात धुतलेलं पाणी, जमिनीवरची धूळ, सगळं साठवून शुद्ध करणाऱ्याकडे जातं. झारेकरी हा शब्द आपल्याकडे आहे तो उगाच नाही, सोनाराच्या दुकानाची माती झारून त्यातलं सोनं काढणं हा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा होता.

एका वर्कशॉपमध्ये मी नवीन असताना माझ्याकडून पाऊण ग्रॅम कमी भरलं. दोन तास गुडघ्यावर बसून शोधलं, शेवटी ते चपलेच्या तळात रुतलेल्या तुकड्यांत मिळालं. कोणी आवाज चढवला नाही, पण ते दोन तास मी विसरलेले नाही, आणि तेव्हापासून बेंचवरून उठायच्या आधी मी चप्पल झटकते, मग उठते. इंग्लंडमध्ये १३०० सालीच कायदा झाला होता की चांदीचा माल तपासून बिबट्याच्या तोंडाचा शिक्का मारल्याशिवाय विकायचा नाही, पुढे लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणून शिक्का मारायला लागले आणि त्यावरून हॉलमार्क हा शब्द आला. ग्राहकाला डोळ्यांनी शुद्धता दिसत नाही, त्याला तुमच्यावर विसंबावं लागतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

पायरी ११: काम मागायला जाताना

फोटोंच्या फाइलपेक्षा चार-पाच खऱ्या वस्तू घेऊन जा. त्या चौकोनात बसणारा चौकोन, एक साधी अंगठी, एक बेझलमध्ये, म्हणजे सगळीकडून वेढणाऱ्या धातूच्या पट्टीत, बसवलेला खडा, हाताने केलेली कड्यांची चेन जिची प्रत्येक कडी झाळलेली आहे. चेन बघूनच समोरच्याला तुमची आग कळते. बहुतेक ठिकाणी बेंचवर बसवून छोटं काम देतात, अंगठी मोठी करा वगैरे. तेव्हा वेगाने करायच्या नादाला लागू नका, आधी दागिना भिंगाखाली नीट बघा आणि जे दिसतं ते मोठ्याने बोला: हा नखा झिजलाय, इथे आधी कोणीतरी करड्या रंगाची शिशाची डाख लावलीये. शिसं लागलेला दागिना तसाच तापवला तर ते सोन्याचांदीला खाऊन भोकं पाडतं, आधी ते खरवडून काढायला लागतं. हे ओळखलंत तर बघणाऱ्याला निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आणि जेव्हा स्वतःच्या नावाने पहिलं रिपेअर घ्याल तेव्हा ग्राहकासमोर वजन करा, फोटो काढा, आधीचे ओरखडे आणि सैल खडे पावतीवर लिहा. तपासलेलं नसेल तर पावतीवर "सोन्याची अंगठी, हिरा" असं लिहायचं नाही, "पिवळ्या धातूची अंगठी, पांढरा खडा" असं लिहायचं. देताना परत त्यांच्यासमोर वजन करा. आणि अंगठी लहान केली असेल तर कापून काढलेला तो तांदळाएवढा तुकडा छोट्या पिशवीत घालून अंगठीबरोबर द्या, कोणी मागितला नाही तरी.